ॲरिझोनाला जाताय? आधी महिना सांगा

माझी लेक फीनिक्सच्या शेजारी चँडलरला राहते. तिच्याकडे आमच्या आत्तापर्यंत चार वाऱ्या झाल्या, त्यामुळे नात्यागोत्यात कुणी ॲरिझोनाला निघालं की माझा फोन वाजतो. गेल्या दोन महिन्यांत तिघींनी विचारलं. बॅगेत काय घेऊ, थंडी असते का, देऊळ जवळ आहे का, लोणचं नेऊ देतात का... तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा मधूनच फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी बोलेन. चालवून घ्या.

कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते. महिना कुठला? ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जाणार असाल तर जा बिनघोर. तेव्हाची हवा इतकी छान असते की अमेरिकेच्या उत्तरेकडचे म्हातारे-म्हाताऱ्या बर्फाला कंटाळून तिथेच येऊन राहतात. पण आमच्या धाकट्या जाऊबाई निघाल्यात जुलैत. लेकीचं बाळंतपण आहे, आणि बाळंतपण काही हवामान बघून येत नाही. त्यांना शुगर आहे, बीपीची गोळी आहे, वय अडुसष्ट. मी उन्हाचं काढलं तर म्हणाल्या, "वहिनी, नागपूरच्या माणसाला तुम्ही उन्हाचं काय सांगता?"

तर मुद्दाम सांगते. २०२३ साली फीनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. म्हणजे आपले ४३ अंश आणि वर थोडं. सलग ३१ दिवस! २०२४ मध्ये १०० फॅरनहाइटच्या वरचे सलग ११३ दिवस झाले. नागपूरला मे महिना कठीण जातो हे खरं, पण जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि सुटका होते. तिथे उन्हाळा सप्टेंबरपर्यंत हटत नाही. आणि रात्र! काही रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरतच नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि सिमेंट रात्रभर ती उष्णता सोडत बसतं. शरीराला विसावा मिळायचा तो रात्रीच, तोच मिळत नाही. फीनिक्स ज्यात येतं त्या मरीकोपा काउंटीत २०२३ मध्ये उष्म्यामुळे ६४५ माणसं गेली. अमेरिकेतल्या एका काउंटीत, जिथे घरोघर एसी आहे तिथे.

त्यातली पुष्कळशी रस्त्यावर राहणारी होती हे खरं, पण काही घरात गेली. आणि घरात गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा एसी बंद पडलेला होता किंवा लावलेला नव्हता. हे वाक्य मी जाऊबाईंना दोनदा वाचून दाखवलं. कारण आपली सवय मला माहीत आहे. लेक-जावई कामाला गेले की आपण एसी बंद करून पंख्याखाली बसतो. पोरांचं बिल वाचवायचं असतं ना! तिथे असं करायचं नाही. एसी बिघडला तर खिडक्या उघडून, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाट बघत बसायचं नाही. सरळ लेकीला फोन करायचा आणि घर सोडायचं. शेजाऱ्याकडे, दुकानात, नाहीतर वाचनालयात. तिथली सार्वजनिक वाचनालयं उन्हाळ्यात लोकांना गारव्यात बसायला मोकळी असतात, कुणी "काय पाहिजे" म्हणून विचारत नाही.

दुसरी सवय अनवाणी चालायची. दारातून पत्रपेटीपर्यंत दहा पावलं तर जायचंय, चप्पल कशाला, असं आपल्याला वाटतं. जुलैत दुपारचं डांबर ७० अंश सेल्सियसच्या वर जातं. दर उन्हाळ्यात तिथे रस्त्यावर नुसतं पडून भाजलेली माणसं दवाखान्यात येतात आणि त्यात म्हातारी जास्त, कारण पडल्यावर चटकन उठता येत नाही. गाडीतल्या पट्ट्याचं धातूचं टोकसुद्धा चटका देतं. आणि नातवंड गाडीत असेल तर एक मिनिटही त्याला आत सोडून उतरायचं नाही. ते झोपलेलं असलं तरी नाही.

घाम येत नाही असं वाटतं, तेही फसवं आहे. घाम येतो, पण हवा इतकी कोरडी की तो दिसायच्या आत उडून जातो. वय झालं की तहानही कमी लागते. म्हणून तहान लागो न लागो, पाणी पीत राहायचं, आणि नुसतं पाणी नाही, ताक-मीठ, लिंबू सरबत. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी असेल, किंवा डॉक्टरांनी मीठ-पाणी मोजून सांगितलं असेल, तर निघण्याआधी त्यांना "४५ अंशांत जाते आहे" असं सांगून विचारून घ्या. फिरायचं तर पहाटे पाचला. सहा वाजता ऊन अंगावर येतं.

असो. आता कागदपत्रं. यात मी फार शिरत नाही, मुलं सगळं करतात. पण दोन तारखा वेगवेगळ्या असतात एवढं लक्षात ठेवा. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत दहा वर्षं दिसते म्हणून दहा वर्षं राहता येत नाही. उतरल्यावर अधिकारी किती दिवस देतो (बहुधा सहा महिने) ते आय-९४ नावाच्या नोंदीत असतं. विमानाने जाणाऱ्याला आता त्याचा कागद मिळत नाही, मुलांकडून इंटरनेटवर बघून घ्यायचं आणि तारीख वहीत लिहून ठेवायची. मुंबईहून फीनिक्सला थेट विमान नाही. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं, आणि सहसा तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा पुढच्या विमानासाठी द्याव्या लागतात. "बॅगा थेट फीनिक्सला जातील" असं मुंबईला सांगितलं तरी हे करावं लागतं. अबुधाबीहून जाणाऱ्यांचं मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीलाच उरकतं. व्हीलचेअर मागायला लाजू नका. पाय धड असले तरी मागा, लांबच लांब चालणं वाचतं आणि रस्ता चुकायची भीती नाही.

खाण्याचं. आंबा, कुठलंही ताजं फळ, भाजी, कढीलिंब, मांस-मच्छी हे नेऊ नये. कढीलिंबाच्या चार काड्या पर्समध्ये टाकायचा मोह मला कळतो, पण नको. मेतकूट, पापड, भाजणी, लोणचं चालतं, फक्त फॉर्मवर किंवा विचारल्यावर "खाण्याचं आहे" म्हणून खरं सांगायचं. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. आखाती देशातून जात असाल तर खसखस बरोबर नको. अमेरिकेत चालते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती अफूच्या जातीत मोजतात आणि खसखशीपायी माणसं तुरुंगात गेली आहेत. आपल्या गोड्या मसाल्यात खसखस असते हे आठवतंय ना? अनारशांवर तर असतेच. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी मसाला खसखशीशिवाय करावा. चवीत फार फरक पडत नाही, मी करून बघितला.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. आपली कंपन्यांची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. साधं पॅरासिटामॉल म्हटलं तरी दुकानदार बघत राहतो, कारण तिथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. साधारण ९० दिवसांपुरती औषधं न्यावी असा त्यांचा संकेत आहे. आणि विमा. विमा घेताना "ठरावीक रकमेचा" स्वस्त प्लॅन आणि "सर्वसमावेशक" महाग प्लॅन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात प्रत्येक उपचाराला कमाल रक्कम बांधलेली असते, आणि तिथलं बिल त्या रकमेच्या कितीतरी पुढे जातं. आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते मुलाला मोठ्याने वाचायला लावा. तशी वेळ आलीच तर इमर्जन्सीत तपासून आधी धोक्याबाहेर आणणं त्यांना कायद्याने भाग आहे, पैशाचं नंतर. तेव्हा बिलाच्या भीतीने छातीतली कळ लपवू नका. ९११ फिरवायचं, पत्ता सांगायचा. घराचा पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा. घाईत तोच आठवत नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

२०१९ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत आलो. पंधरा-वीस दिवसांत ह्यांना खोकला सुरू झाला. आधी वाटलं हवाबदल. मग संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन भराभर उतरलं. फोटोत फुप्फुसावर डाग दिसला. आमच्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दोन वेळा अँटिबायोटिक्स झाली, उपयोग शून्य. मग टीबीचं बोलणं सुरू झालं. थुंकी तीनदा तपासली, काही सापडलं नाही, तरी "या वयात, या देशात, दुसरं काय असणार" म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करायचं ठरत होतं. त्या सहा आठवड्यांत एकाही डॉक्टरने विचारलं नाही की तुम्ही नुकतेच कुठे जाऊन आलात. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

लेक रोज फोन करत होती. एक दिवस तिने आपल्या शेजारणीला, वयस्कर अमेरिकन बाईला, सहज हे सांगितलं. ती बाई जन्मभर फीनिक्सला राहिलेली. ऐकता ऐकता म्हणाली, व्हॅली फीवर तर नाही ना? आम्ही हा शब्द तेव्हा प्रथम ऐकला.

ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, कॉक्सिडिऑइडिस नावाची. माती उकरली, वारा सुटला, की तिचे सूक्ष्म कण धुळीबरोबर उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. अमेरिकेत या रोगाचे बहुतेक रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातले. पुष्कळांना काहीच होत नाही, काहींना फ्लूसारखं होऊन जातं. पण वय झालेलं, मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर जोर धरतो. धुळीतून लागण झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी लक्षणं येतात, म्हणजे नेमकं आपण घरी परतल्यावर! अँटिबायोटिक्सचा उपयोग नाही कारण हा जंतू नव्हे, बुरशी. माणसाकडून माणसाला होत नाही. आणि फोटोत दिसतो कसा, तर टीबीसारखा किंवा न्युमोनियासारखा.

आम्ही दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि हा शब्द त्यांच्यापुढे ठेवला. ते तरुण होते, त्यांनी पुस्तकात वाचलेला होता पण रुग्ण कधी पाहिला नव्हता. रक्त बाहेरगावच्या लॅबला पाठवलं. निघालं तेच. मग बुरशीवरच्या गोळ्या, सहा महिने. त्यातच मार्च २०२० उजाडला. त्या दिवसांत रस्त्यावर खोकणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघायचे ते आठवा. हे औषधं आणायलाही बाहेर पडायचे नाहीत, मीच जायची. पण बरे झाले. थकवा मात्र वर्षभर राहिला.

म्हणून जाऊबाईंना मी एक कागद लिहून दिला आहे, आणि तुम्हीही जाणार असाल तर लिहून पाकिटात ठेवा: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ॲरिझोनात होते. खोकला-ताप आल्यास व्हॅली फीवर, म्हणजे कॉक्सिडिऑइडोमायकोसिस, याची तपासणी करावी." परत आल्यावर तीन-चार महिने तो कागद टाकू नका. धुळीचं वादळ दिसलं की घरात, दारं-खिडक्या बंद. मुलांनी अंगणात झाडं लावायला माती खणली तर आपण मदतीला धावायचं नाही, आत बसून चहा करायचा.

या धुळीच्या वादळाला तिथे हबूब म्हणतात, अरबी शब्द. मातीची भिंतच्या भिंत चालत येते. गाडी चालवताना सापडलात तर रस्ता सोडून बाजूला थांबायचं आणि गाडीचे दिवे चक्क बंद करायचे, ब्रेकवरचा पायही काढायचा. नाहीतर मागचा तुमचे लाल दिवे बघून तोच रस्ता समजतो आणि येऊन धडकतो. पाऊस वर्षाला सरासरी सात इंच, पण तिथेही मान्सूनच म्हणतात बरं का! १५ जून ते ३० सप्टेंबर. कोरडे ओढे घटकाभरात भरून वाहतात. अडथळा लावलेल्या रस्त्यावर हट्टाने गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करणारा कायदा आहे आणि लोक त्याला "मूर्ख वाहनचालक कायदा" म्हणतात. आपल्याकडे हवा होता. उत्तरेला अँटिलोप कॅन्यनला फक्त नावाहो लोकांच्या वाटाड्याबरोबरच जाता येतं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये दूर कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी त्या घळीत शिरून ११ प्रवासी वाहून गेले होते, वर आभाळ मोकळं असताना.

विंचू आहेत. बूट झटकून घालायचे, झालं. जांभळ्या अतिनील टॉर्चच्या उजेडात ते हिरवट चमकतात, नातवाचा रात्रीचा आवडता खेळ तो.

ग्रँड कॅन्यनबद्दल न लिहून कसं चालेल. कोलोरॅडो नदीची घळई मी फळ्यावर खडूने किती वेळा काढली असेल! सुमारे ४४६ किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल. २०२२ च्या मार्चमध्ये, ह्यांच्या आजारपणानंतर, आम्ही पहिल्यांदा गेलो. फीनिक्सहून गाडीने चार तास. पण लक्षात ठेवा, दक्षिण कडा सात हजार फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट. फीनिक्सला सुती साडी आणि तिथे बर्फ, असं एकाच दिवसात होतं. दम लागतो. खाली उतरायचा मोह कुणालाच होऊ देऊ नका, उतरणं सोपं आणि चढणं उन्हात. कड्यावरच्या बस फुकट आहेत. चालता येत नसेल तर फाटकावर विचारून परवाना घ्या, मग एरवी बंद असलेल्या रस्त्यावरही आपली गाडी नेता येते.

खर्चाचं एक नवीन आहे. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसकट ११ राष्ट्रीय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. ६२ वर्षांवरच्यांचा स्वस्त पास असतो, पण तो नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. आपण लेकीकडे राहत असलो तरी पाहुणेच. दोघांचे २०० डॉलर ऐकून हे म्हणाले असते, "चित्रात बघू." आम्ही आधी जाऊन आलो ते बरं झालं.

कड्याच्या काठाने एक सपाट वाट आहे, तिला काळाची वाट म्हणतात. दर मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. संग्रहालयापासून निघालात की आजपासून मागे मागे जायचं, आणि त्या त्या काळाचे दगड चौथऱ्यांवर ठेवलेत, हात लावून बघता येतात. मी हिशेब केला. आपल्या दख्खनचा काळा कातळ साधारण ६६ मीटरवर येतो. कॅन्यनच्या तळातला दगड पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. आणि त्या तळातल्या दगडाचं नाव काय असावं? विष्णू! एकोणिसाव्या शतकात डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने तिथल्या शिखरांना देवळांची नावं दिली, म्हणून तिथे विष्णू मंदिर आहे, ब्रह्मा मंदिर आहे, शिव मंदिर आहे. सगळे नुसते डोंगर, घंटा नाही की पुजारी नाही. ह्यांनी तरी हात जोडले. माझी पस्तीस वर्षांची नोकरी त्या वाटेवर अर्ध्या केसाएवढी भरली. हे काठी टेकत चाळीस मीटर चालले आणि बाकावर बसले, म्हणाले, "चार कोटी वर्षं झाली, आता बस." वर्षभर ज्यांना जिना चढवत नव्हता त्यांच्या तोंडून हे ऐकून मी पुढची वाट सोडून दिली आणि तिथेच बसले.

घंटा आणि पुजारी हवे असतील तर मरीकोपा गावाजवळ महागणपतीचं मंदिर आहे, चँडलरहून सुट्टीच्या दिवशी सहज होतं.

मोठा प्रश्न दुपारचा असतो. मुलं कामाला, नातू शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी चालवता येत नाही म्हणजे पाय बांधल्यासारखं होतं. हिवाळ्यात गेलात तर ट्राम आहे, फीनिक्स, टेंपी, मेसा अशी जाते, ६५ वर्षांवरच्यांना तिकीट कमी. पहिल्यांदा लेकीबरोबर जा, मग एकट्याने. मी टेंपीला जाऊन विद्यापीठाच्या आवारात बसायची, तरुण पोरं बघत. अंगणातला सग्वारो निवडुंगही मला आवडतो. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. तोडला तर शिक्षा होते. आमच्या कोपऱ्यावरच्याला एक छोटा हात फुटलाय, म्हणजे साधारण माझ्याच वर्गातला म्हणायचा.

राहता राहिली वेळ. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, १९६८ पासून. त्यामुळे बारा महिने आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे, पाठ करायला सोपं. फक्त नावाहोंच्या प्रदेशात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, आणि त्याच्या पोटात असलेल्या होपींच्या प्रदेशात पुन्हा नसतं. तिकडे सहलीचं तिकीट काढाल तर "कुणाच्या वेळेनुसार?" हे विचारून घ्या. लेकीला फोन मी सकाळी साडेआठला करते. तिथे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि नातवाचं वरण-भातावरून भांडण चाललेलं असतं.